फ्रिजमधलं लोणी

कॅप्सूल मागितली की औषधांच्या दुकानातले काका ती उघडून द्यायचे. काउंटरवर कागदाचा चौकोन पसरायचे, दोन हातांत दोन चिमटे धरून कॅप्सूल ओढायचे आणि आतली पूड कागदावर पाडायचे. रिकामी टरफलं पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात जायची. मग त्या पुडीचे सारखे भाग करून ते पुड्या बांधायचे, इतक्या सुबक, की कुणाला देवळातला अंगारा वाटावा. कॅप्सूलचं टरफल जनावरांच्या हाडांपासून बनतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

तुमच्या बाबाला लहानपणी टायफॉइड झाला होता. त्या औषधाइतकी कडू वस्तू मी आजवर चाखलेली नाही, आणि कडू होतं म्हणूनच तर ते कॅप्सूलमध्ये भरलेलं असायचं. मधातून दिलं तरी तो ओकून टाकायचा. मी पुडी हातात घेऊन दुकानात गेले.

"काका, कॅप्सूल का उघडल्या?"

"डबी हाडाची असते, बाई. औषध आतलं. औषध मी तुमाले पुरं दिलं."

"मुलाच्या पोटात ठरत नाहीये ते."

"गुळात द्या नं. आमची आई गुळातच देत जाये."

एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. आपण काही चुकीचं केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. त्या माणसाचा मला पुढे जो राग आला, त्याची सुरुवात या चेहऱ्यापासून झाली.

रेवा, तू फोनवर सांगितलंस की तुझ्या गावातल्या औषधाच्या दुकानात एका बाईने तुझ्या मैत्रिणीला गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या द्यायला नकार दिला, धर्मात बसत नाही म्हणून. निखिल म्हणाला की तिच्या श्रद्धेचाही मान ठेवायला हवा. तुम्ही दोघं भांडलात आणि मग मला विचारलंत, आजी, तुला काय वाटतं. मी गप्प बसले, कारण राग आला की मला इंग्रजीही सुचत नाही आणि मराठीही. म्हणून आता शांतपणे टेबलाशी बसून लिहिते आहे. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे, असं म्हणा.

काकांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचीही नातवंडं कुठे ना कुठे असतील.

आम्ही तेव्हा नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला राहत होतो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. दुकान आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. त्याचे मालक एक सेठ होते. त्यांचं मोठं दुकान इतवारीत होतं, इथे ते संध्याकाळी चक्कर मारायचे. दिवसभर दुकान सांभाळायचे ते काका. औषधं देण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले, लायसन त्यांच्याच नावावर. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरं धोतर, कपाळावर गंधाची उभी रेघ. तराजू असो की कात्री, प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे. मला स्वतःला टापटीप आवडते, त्यामुळे ते दुकान पाहून मला आधी बरं वाटायचं, हेही सांगायला हवं.

आणि त्या साऱ्या भागात फ्रिज असलेलं औषधांचं दुकान तेवढं एकच होतं. हे लक्षात ठेवा. कारण नाहीतर तुम्ही मला विचाराल, की मग लोक दुसरीकडे का गेले नाहीत.

काका माशाच्या तेलाच्या बाटलीला हात लावत नसत. गिऱ्हाइकाने मागितली तर म्हणायचे, "संध्याकाळी या, सेठ देतील." गरोदर बायकांसाठी रक्तवाढीचं एक औषध यायचं, त्यात जनावराच्या यकृताचा अर्क असायचा. तेही संध्याकाळी. आठव्या महिन्यातली बाई उन्हातून चालत आलेली असली तरी संध्याकाळी. हे सगळं ते फार नम्रपणे सांगायचे. आवाज कधी चढला नाही. लोक हसायचे, "काकाचं असंच आहे" म्हणायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

लोकांनी त्यांना सांभाळून घेतलं, त्याला कारण होतं. एका पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीत हगवण-ओकारीची साथ आली. त्या वेळी काका सायकलला पिशव्या अडकवून घरोघर गेले. मीठसाखरेचं पाणी त्यांनी चमच्याने लोकांना पाजलं. एका म्हाताऱ्याची ओकारी त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या म्हाताऱ्याची जात त्यांनी विचारली नाही. तेव्हापासून त्या वस्तीत त्यांना देवमाणूस म्हणत.

आता मला सांगा, ओकारीला हात लावणारा माणूस औषधाच्या सीलबंद बाटलीला हात का लावत नव्हता? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. म्हाताऱ्याला हात लावला त्यात त्यांना देव भेटत होता. बाटलीत तो भेटत नव्हता. दोन्ही वेळा ते स्वतःच्याच देवाचा विचार करत होते.

ती बाटली इन्सुलिनची. आता ते औषध वेगळ्या रीतीने बनतं, पण तेव्हा कत्तलखान्यातल्या गाईच्या नाहीतर डुकराच्या शरीरातून काढत. सेठ ते दुकानात ठेवायचे. काका त्याला शिवत नसत, आणि त्यावर त्यांनीच एक तोडगा काढला होता. गिऱ्हाइकाने चपला काढायच्या, काउंटरची फळी उचलून आत यायचं, फ्रिज स्वतः उघडायचा आणि बाटली स्वतः उचलायची. तेवढा वेळ काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

फ्रिजच्या वर देवांच्या तसबिरी होत्या. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते आधी विचारायचे, "अडचण नाही नं?" मासिक पाळी आहे का, असा त्याचा अर्थ. चारचौघांत, काउंटरवर. पुरुष गिऱ्हाइकं उभी असली तरी. बाई "आहे" म्हणाली तर तिने दुसऱ्या कुणाला तरी आणायचं, नाहीतर पाळी संपेपर्यंत थांबायचं. मला त्यांनी एकदा हे विचारलं. मी म्हटलं, "असली तरी तुम्हाला सांगणार नाही," आणि फळी उचलून आत गेले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. इतर बायकांना विचारत राहिले.

मी त्या दिवशी आत गेले ती शांताबाईसाठी. शांताबाईच्या घरी हातमाग होता. नवरा लुगडी विणायचा, ती सुताच्या कांड्या भरायची. त्यांची एकुलती एक मुलगी वंदना माझ्या वर्गात होती. आठवीत असताना तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तसला. रोज इन्सुलिन टोचलं नाही तर मूल जगत नाही, असा तो आजार. शांताबाईला अक्षरओळख जेमतेम, पण डॉक्टरांनी शिकवलेलं सारं तिने पक्कं धरलं. काचेची सिरिंज रोज उकळायची. औषध गार राहायला हवं, म्हणून गाडग्यात ओली वाळू भरून ते पाण्याच्या माठाखाली ठेवायची आणि बाटली त्यात पुरायची. महिन्यातल्या तिच्या त्या चार दिवसांत औषध संपलं तर ती माझ्याकडे यायची.

"बाई, आज तुमी जा नं. काका मले आत येऊ नाही देत."

"तू सांगूच नकोस त्यांना."

"देवाच्या पुढं खोटं कसं बोलू वं बाई. पोरीची दवाई आहे ते."

त्यांच्या देवाची भीती तिलाच जास्त होती. तिच्या या भीतीवर त्यांचं सोवळं चालायचं.

एका वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात दानधर्म, नैवेद्य, पोथ्या यांना ऊत येतो, हे तुमच्या आईला विचारा, ती सांगेल. आमच्या गल्लीच्या टोकाला कृष्णाचं देऊळ होतं. महिनाभर देवाला रोज संध्याकाळी ताज्या लोण्याचा नैवेद्य दाखवायचा असं ठरलं. बायका सकाळी ताक घुसळून लोणी काढायच्या. पण नागपूरचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. सकाळचं लोणी दुपारपर्यंत तेल होऊन जायचं. काकांनी ती सेवा आपल्याकडे घेतली. सकाळी लोण्याची वाडगी दुकानात येऊ लागली आणि संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये राहू लागली. सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच महिन्यात वंदना खंगायला लागली. सारखं पाणी प्यायची, सारखी बाहेर जायची, गाल आत गेले. शांताबाईने डॉक्टरांना विचारून डोस वाढवला, तरी उतार पडेना. एक दिवस मुलगी ओकू लागली, जोरजोरात श्वास घेऊ लागली आणि बोलेनाशी झाली. तिच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. मी आणि तिच्या वडिलांनी तिला सायकलरिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. शांताबाई रिक्षामागे धावत होती, कारण रिक्षात जागा नव्हती.

वॉर्डातला डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. त्याने सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं आणि मग शांताबाईकडे वळला.

"कितने दिन से इंजेक्शन नाही दिलं?"

"रोज देतो, साहेब."

"रोज देतो म्हणतात सगळे. रोज दिलं असतं तर ही अशी आली असती का? पोरीला मारायचं आहे का तुम्हाला?"

शांताबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिचा नवरा तिच्याकडे पाहू लागला. त्या नजरेत काय होतं हे मी लिहीत नाही, पण ती नजर डॉक्टरच्या शब्दांपेक्षा वाईट होती. थोड्या वेळाने तिने माझा पदर धरला.

"बाई, मी येक सुई चुकवली असन तं माहे हात झडो. पोरगी रडते, तरी टोचतो मी. दाणे दिसत तरी हलवून हलवून टोचली."

"कसले दाणे?"

"बाटलीत. आधी दुधावानी राहे ते, आता दाणे धरून राहिली. मी काकाले इचारलं, असं काहून दिसून राहिलं? ते म्हणे, मी त्या बाटलीकडे पाहत नाही."

मी तिच्या घरी गेले आणि वाळूतली बाटली काढली. काचेला आतून पांढरे कण चिकटलेले होते. ती घेऊन मी दुकानाकडे निघाले. दुपारची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. काका आत पोथी वाचत बसले होते.

"मला नवी बाटली दाखवा," मी म्हटलं. "हिच्याशी ताडून पाहायची आहे."

"आत्ता नाही मिळणार, बाई. संध्याकाळी या."

"मी स्वतः काढून घेते." मी फळी उचलली आणि फ्रिज उघडला. आत लोण्याची वाडगी होती, ओल्या फडक्याने झाकलेली, वर तुळशीची पानं. इन्सुलिन नव्हतं.

"कुठे आहे?"

"मागच्या खोलीत," काका म्हणाले. "देवाचं लोणी आत असलं की मी ते बाहेर काढून ठेवतो. चिमट्यानं. संध्याकाळी लोणी देवळात गेलं, की परत आत."

त्यांनी काही लपवलं नाही, आणि त्यांना लपवावंसं वाटलंही नाही. हा माणूस खोटं बोलत नसे. लोक त्यांच्या या गुणाचं फार कौतुक करायचे.

मागच्या खोलीला वर पत्रे होते. खिडकी बंद. रिकाम्या खोक्यांवर इन्सुलिनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, अगदी नीट, लेबलं एका दिशेला. मी एक उचलली. चहाचा कप धरावा तशी ती हाताला लागली.

"किती दिवस चाललंय हे?"

"महिना लागल्यापासून."

"काका, यावर लिहिलेलं असतं, थंड जागी ठेवा म्हणून. तुम्ही शिकलेले आहात."

"मी त्याच्यावरचं वाचत नाही, बाई. रात्रभर तं थंडच राहते नं ते. मले वाटलं, तेवढं पुरते."

शांताबाई संध्याकाळी यायची, दिवसभराचं काम उरकून. तोवर बाटल्या परत फ्रिजमध्ये गेलेल्या असायच्या. तिच्या हाताला गारच लागायच्या. घरी नेऊन ती त्या वाळूत पुरायची, माठाचं पाणी शिंपडून गार ठेवायची. आधीच वाया गेलेलं औषध ती महिनाभर इतक्या निगुतीने जपत होती.

मी ओरडले नाही. मी एवढंच म्हटलं, "दुकान बंद करा आणि माझ्याबरोबर चला. वंदना सलाइनवर आहे. डॉक्टर म्हणतात, आईने इंजेक्शनं चुकवली. खरं काय झालं ते तुम्ही त्यांना सांगा."

ते आले. हे मी त्यांच्या बाजूने लिहिते. शटर ओढलं, कुलूप लावलं आणि त्या उन्हात माझ्याशेजारी रिक्षात बसून आले. वॉर्डात डॉक्टरपुढे हात जोडून त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. लोणी, चिमटा, पत्र्याची खोली. डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आप फार्मासिस्ट हो?" त्याने विचारलं.

"हो."

खाली बसलेली शांताबाई उठून उभी राहिली.

"म्हंजे मी नाही चुकवली नं, साहेब?"

डॉक्टरला ती काय विचारते आहे ते क्षणभर कळलं नाही.

"मी सुई नाही चुकवली नं?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही चुकवली."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली बघत होता. काकांनी खाटेवरच्या वंदनाला नमस्कार केला आणि म्हणाले, "भगवंत सांभाळेल तिले." मला त्या क्षणी त्यांना वॉर्डाबाहेर ढकलून द्यावंसं वाटलं. महिनाभर त्यांनी स्वतः तिला सांभाळलं नव्हतं, आणि आता ते काम भगवंताकडे सोपवून मोकळे होत होते.

वंदना वाचली. दोन दिवस काही खरं नव्हतं, मग ती शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितलं. पुढे ती शिकली, शिक्षिका झाली, हुडकेश्वरला तिने घर बांधलं. दिवाळीला अजून मला भेटायला येते.

मी सेठकडे गेले. सेठ म्हणाले, लोणी उद्यापासून देवळातच राहील. पण काकांना काढायला ते तयार नव्हते. "बाई, इतका इमानदार माणूस मिळत नाही. थोडा धार्मिक आहे, बस." गल्लीतले लोकही माझ्यावरच नाराज झाले. अधिक महिन्यातली देवाची सेवा मोडली म्हणून दोघीतिघींनी माझ्याशी बोलणं सोडलं. एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं की इंग्रजी शिकलं की बायकांना देव दिसत नाही.

देव मला दिसतो. मीही उपास केले आहेत, तुमच्या आजोबांच्या आजारपणात तर फार केले. पण उपास स्वतःच्या पोटावर करायचा असतो. काकांनी हे स्वतःपुरतंच पाळलं असतं, आयुष्यभर माशाचं तेल घेतलं नसतं, कॅप्सूल गिळली नसती, हाडं मोडली तरी गोळी घेतली नसती, तर मी त्यांना वाकून नमस्कार केला असता. त्यांनी सोवळं पाळलं ते दुसऱ्याच्या लेकरांच्या अंगावर. आणि पाळलं ते कुठे, तर जिथे लोकांना यावंच लागतं अशा काउंटरच्या मागे उभं राहून. निखिल, मान ठेवण्याबद्दल तू म्हणालास, म्हणून हे लिहिलं.

बाटल्या आता दिवसभर फ्रिजमध्ये राहू लागल्या. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. चपला काढा, फळी उचला, आत या, स्वतः घ्या. काका भिंतीकडे तोंड करून.

वंदना घरी आल्यावर औषध आणायला शांताबाई पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा मी तिथेच होते. संध्याकाळची गर्दी होती. सेठ अजून आले नव्हते. शांताबाईने चपला काढल्या नाहीत. ती काउंटरशी उभी राहिली.

"काका, वंदनाची दवाई द्या."

"ये नं आत. घे."

"नाही. तुमी काढून द्या."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अडचण आहे का तुले?"

"नाही."

"मंग घे नं वं. तुले माहीत आहे, मी हात लावत नाही."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणून राहिली."

ती हलली नाही. मागे माणसं साचू लागली. एक रिक्षावाला म्हणाला, "घे नं बाई, रोजचंच आहे ते. आमाले उशीर होऊन राहिला." शांताबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि परत काकांकडे पाहू लागली. रांगेतला दुसरा कुणी म्हणाला, "काका, द्या नं. कवापासून उभे आहो आमी." तिला माझी गरज नव्हती.

काकांनी फ्रिजवरच्या तसबिरींकडे पाहिलं. मग फ्रिज उघडला. चिमटा उचलला, तेव्हा शांताबाई म्हणाली, "हातानं, काका." आवाज तिने चढवला नव्हता. त्यांनी चिमटा ठेवला, बाटली बोटांत धरली आणि तिच्या उघड्या पंजावर ठेवली.

नंतर ते दुकानापुढच्या नळावर गेले. साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. शांताबाईही शांतपणे बघत थांबली होती. ते आत आले, टॉवेलने हात कोरडे केले, टॉवेलची घडी घालून ती जागेवर ठेवली.

"अजून येक द्या," शांताबाई म्हणाली. "उन्हाचे दिवस आहेत. घरी येक जास्तीची असू द्या."

त्या उन्हाळ्यापासून ती प्रत्येक वेळी दोन बाटल्या नेऊ लागली. दोन्ही एकदम तिने कधीच मागितल्या नाहीत.